रक्तपरीक्षा आणि संमती : भारतातील एच.आय.व्ही. चाचणीच्या इतिहासाची एक बाजू

एच.आय.व्ही. ह्या विषाणूच्या चाचणीचा इतिहास बहुधा प्रयोगशाळेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणत्या साली कोणती पद्धती निघाली, तिची अचूकता किती, निष्कर्ष हाती येण्यास लागणारा अवधी कितीने घटला, असा त्याचा क्रम असतो. हा क्रम खोटा नाही. परंतु त्यात एक गोष्ट राहून जाते. रक्तपरीक्षा व्हावयाची तर कोणाचे तरी रक्त घ्यावे लागते. ते घेताना त्या व्यक्तीस काय सांगितले, काय विचारले आणि निष्कर्ष प्रथम कोणाच्या हाती पडला, ह्या प्रश्नांची उत्तरे परीक्षानळीत सापडत नाहीत. ती रुग्णालयांच्या रिवाजांत, कायद्याच्या कलमांत आणि पुष्कळ वेळा भाषेतच शोधावी लागतात. १९८६ साली मद्रासमधील काही स्त्रियांचे रक्त बाधित आढळले तेव्हापासून २०१८ साली ह्या विषयावरील केंद्रीय कायदा अंमलात आला तोपर्यंतच्या बत्तीस वर्षांत भारतात जे महत्त्वाचे स्थित्यंतर घडले, ते ह्या बाजूस घडले. त्याचाच मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

प्रथम चाचणीचे स्वरूप स्पष्ट केले पाहिजे, कारण पुढील पुष्कळसे अनर्थ ते स्वरूप न समजल्याने ओढवले. जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांच्या असाधारण फुप्फुसदाहाची नोंद अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि ह्या रोगाचा लिखित इतिहास सुरू झाला. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी व ल्यूक माँतान्ये यांच्या गटाने एक नवा विषाणू वेगळा केला. १९८४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या गटाने तोच विषाणू रोगाचे कारण असल्याचा पुरावा पुढे ठेवला. शोधाच्या श्रेयावरून व चाचणीच्या एकस्वाधिकारावरून दोन राष्ट्रांत जो वाद पेटला, तो १९८७ साली शासनप्रमुखांच्या पातळीवर मिटवावा लागला. त्याच्या तपशिलात शिरण्याचे येथे कारण नाही. चाचणीची पद्धती मात्र त्यांपैकी कोणाचीच नव्हती. एंग्वाल आणि पर्लमन ह्या स्टॉकहोममधील संशोधकांनी १९७१ साली वर्णिलेली, ‘एलायझा’ ह्या नावाने ओळखली जाणारी ती पद्धती होती. विषाणूची प्रथिने प्लास्टिकच्या लहान खळग्यांत चिकटवून ठेवावयाची, त्यांवर रक्तद्रव सोडावयाचा, आणि त्या रक्तद्रवात विषाणूविरोधी प्रतिपिंडे असतील तर ती तेथे धरली जाऊन शेवटी रंग उमटतो. रंगाची तीव्रता यंत्राने मोजावयाची व ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास निष्कर्ष ‘पॉझिटिव्ह’ म्हणावयाचा.

ह्या वर्णनात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अशी चाचणी विषाणूचा शोध घेत नाही. शरीराने विषाणूची दखल घेतली आहे किंवा नाही, एवढेच ती पाहते. त्यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. लागण झाल्यानंतर शरीरास प्रतिपिंडे निर्माण करण्यास काही काळ लागतो आणि तेवढ्या काळात बाधित व्यक्तीची चाचणीही निर्दोष ठरू शकते. ह्यालाच ‘गवाक्षकाल’ म्हणतात. आजच्या पद्धतींतही केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीस लागण ओळखण्यासाठी २३ ते ९० दिवस लागू शकतात. प्रतिपिंडांबरोबर विषाणूचा प्रतिजनही शोधणाऱ्या प्रयोगशाळेतील चाचणीस १८ ते ४५ दिवस, तर विषाणूचे जनुकद्रव्य शोधणाऱ्या चाचणीस १० ते ३३ दिवस लागतात. दुसरी गोष्ट अशी की, चाचणी लागण दाखवते, रोग दाखवीत नाही. लागण आणि एड्स ह्यांच्यामध्ये औषधोपचाराविनाही साधारणतः आठदहा वर्षे जातात. ह्या काळात मनुष्य धडधाकट असतो.

तिसरी अडचण गणिताची आहे आणि ती सुशिक्षितांनाही चकवते. एखादी चाचणी निरोगी माणसास ९९.५ टक्के वेळा निरोगीच ठरवते असे धरू. दहा हजार लोकांत वीस जण खरोखर बाधित आहेत आणि चाचणीने ते सर्व अचूक हेरले, असेही धरू. उरलेल्या ९,९८० निरोगी माणसांपैकी अर्धा टक्का, म्हणजे सुमारे पन्नास जण, चुकून पॉझिटिव्ह ठरतील. एकूण पॉझिटिव्ह सत्तर, त्यांत खरे वीस. म्हणजे इतकी चोख चाचणी एकदाच केली तर तिने बाधित म्हटलेल्या दर सात माणसांत पाच जण निर्दोष असतील. म्हणूनच भारतात लक्षणे नसलेल्या व्यक्तीचा निष्कर्ष पॉझिटिव्ह म्हणून सांगण्यापूर्वी तीन वेगवेगळ्या चाचण्यांत तो तसा यावा लागतो. ह्या चाचण्यांची घडण वा तत्त्व भिन्न असावे लागते, कारण एकाच घडणीच्या चाचण्या एकच चूक पुन्हा करण्याचा संभव असतो. रक्तपेढीचा नियम ह्याहून निराळा आहे. तेथे पहिल्याच चाचणीत संशय आला की ती पिशवी टाकून द्यावयाची. पिशवी टाकताना खात्री लागत नाही. माणसास काही सांगावयाचे तर ती लागते. पिशवीचा न्याय माणसास लावला गेला म्हणजे काय होते, ते पुढे गोव्यात दिसून आले.

२ मार्च १९८५ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पहिल्या चाचणीस परवाना दिला तो रक्तपेढ्यांतील रक्त निवडण्यासाठी. आपली स्थिती जाणून घेऊ इच्छिणारी माणसे केवळ तेवढ्यासाठी रक्तदान करू लागतील आणि गवाक्षकालातील रक्त पेढीत शिरेल, ही धास्ती लागलीच उत्पन्न झाली. तेव्हा अशा व्यक्तींसाठी रक्तपेढीबाहेर स्वतंत्र चाचणीकेंद्रे उघडावी लागली. स्वतःहून येणारा, आपल्याविषयी विचारणारा मनुष्य चाचणीच्या इतिहासात प्रथम प्रवेश करतो तो असा, रक्तपेढीचे संरक्षण करण्याच्या निमित्ताने.

भारतात त्या वेळी हा रोग परक्यांचा समजला जात होता. मुंबई वगैरे शहरांतील शेकडो रक्तनमुने पुण्याच्या विषाणुविज्ञान संस्थेत तपासले गेले होते आणि त्यांत एकही बाधित आढळला नव्हता. त्यामुळे १९८५ च्या अखेरीस मद्रास वैद्यकीय महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका सुनीती सॉलोमन यांनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिला प्रबंधासाठी हा विषय सुचविला, तेव्हा निष्कर्ष नकारात्मक येणार असाच सर्वांचा कयास होता. सॉलोमन ह्या माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या एका महाराष्ट्रीय व्यापारी कुटुंबातील. १९९३ मध्ये त्यांनी स्थापलेले संशोधन व सेवा केंद्र गायतोंडे ह्या नावानेच ओळखले जाते. निर्मला यांच्यापाशी ना निधी होता ना साधने. शहरातील वेश्यावस्तीचा त्यांना ठावठिकाणा नव्हता. तेव्हा न्यायालयाच्या हुकुमाने ज्या सुधारगृहात स्त्रियांना ठेवीत तेथे त्या जात राहिल्या. तीन महिन्यांत त्यांनी सुमारे ऐंशी स्त्रियांचे रक्त घेतले. हातमोजे नव्हते. वेगळा केलेला रक्तद्रव घरच्या शीतकपाटात ठेवावा लागला. फेब्रुवारी १९८६ मध्ये पतीसह रात्रीच्या गाडीने तो वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात नेण्यात आला, कारण एलायझाची सोय तेथे होती. परीक्षेत सहा नमुन्यांचा रंग पिवळा झाला. त्या स्त्रियांचे रक्त पुन्हा घेण्यात आले, ते अमेरिकेस पाठवून दुसऱ्या, अधिक काटेकोर पद्धतीने निष्कर्षाची खात्री करून घेण्यात आली आणि मे १९८६ मध्ये तामिळनाडूचे आरोग्यमंत्री एच. व्ही. हांडे यांनी विधानसभेत ही वार्ता जाहीर केली. विषाणूस ‘एच.आय.व्ही.’ हे नाव नामकरण समितीने सुचविले तेही त्याच महिन्यात.

ह्या शोधाचे मोल निर्विवाद आहे. तो झाला नसता तर देशाची झोप आणखी काही वर्षे मोडली नसती. तथापि इतिहासकाराने एक नोंद केलीच पाहिजे. ज्या स्त्रियांचे रक्त घेतले, त्यांना ते कशासाठी घेतले जात आहे हे सांगितलेले नव्हते. नेहमीच्या गुप्तरोगांसाठी तपासणी चालली आहे असा त्यांचा समज होता आणि तो समज दूर करण्यात आला नाही. निर्मला यांनी पुढे ही गोष्ट मोकळेपणाने सांगितली आहे. त्या काळच्या वैद्यकीय संशोधनाची हीच रीत होती, एका विद्यार्थिनीवर तिचा ठपका ठेवता येत नाही. परंतु ज्या जागेत रक्त घेतले गेले ती जागा विसरून चालणार नाही. सुधारगृहातील स्त्री ‘नाही’ म्हणू शकत नाही; म्हणूनच तर तेथे नमुने सुलभ झाले. भारतातील चाचणीचा आरंभ बंदिस्त माणसांपासून झाला, आणि पुढे बाधित आढळलेल्या स्त्रियांना त्याच प्रकारच्या गृहांत कारण नसता अडकवून ठेवण्यापर्यंत मजल गेली. त्यांच्या मुक्ततेसाठी १९९० साली मद्रास उच्च न्यायालयात दाद मागावी लागली. चाचणी आणि कोठडी ह्यांची ही सोबत योगायोगाची म्हणता येत नाही.

ती सोबत कायद्याच्या भाषेत कशी उतरली, ते गोव्यात पाहावयास मिळते. गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक आरोग्य अधिनियम १९८५ सालचा. त्यात लवकरच दुरुस्ती होऊन ५३ व्या कलमात असा मजकूर आला की, रक्तद्रव-परीक्षेने जी व्यक्ती एड्ससाठी पॉझिटिव्ह आढळेल तिला शासन विहित संस्थेत वा कक्षात आवश्यक तेवढा काळ विलग करू शकेल. डॉमिनिक डिसोझा हे गोव्यातील एक तरुण, स्वेच्छेने रक्तदान करणारे. त्यांनी दिलेले रक्त तपासले गेले. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलिसांनी त्यांना बोलावून घेतले आणि म्हापशाजवळच्या एका जुन्या क्षयरुग्णालयात नेऊन बंद केले. तेथे ते ६४ दिवस होते. प्रकृतीने ते ठणठणीत होते. रक्ताची पिशवी बाजूला काढावी तितक्या सहजतेने एक मनुष्य बाजूला काढण्यात आला, आणि त्यास आपल्याविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट कळली ती डॉक्टरच्या तोंडून समजुतीने नव्हे, पोलिसांच्या पहाऱ्यात.

त्यांच्या मातोश्री लूसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठापुढे कलमाच्या घटनात्मकतेस आव्हान दिले. त्यांच्या वतीने बाजू मांडण्यात अ‍ॅडव्होकेट आनंद ग्रोव्हर यांचा प्रमुख भाग होता. हा विषाणू स्पर्शाने, श्वासाने किंवा एकत्र राहण्याने पसरत नाही, विलगीकरणाच्या भीतीने लोक चाचणीस येणारच नाहीत आणि रोग अधिकच लपेल, असे युक्तिवाद झाले. अंतरिम आदेशाने डिसोझा घरी परतले. परंतु अंतिम निर्णयात न्यायालयाने कलम घटनाबाह्य ठरविण्यास नकार दिला. व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि समाजाचे हित ह्यांत विरोध उत्पन्न झाल्यास समाजाचे हित वरचढ मानले पाहिजे, असा त्या निर्णयाचा गाभा होता. त्याच वर्षी संसदेतही एड्सप्रतिबंधाचे एक विधेयक मांडले गेले. सक्ती आणि सक्तीची नोंद ह्यांवरच त्याचा भर होता. पुढे ते मागे घेण्यात आले. डिसोझा यांची नोकरी गेली. एप्रिल १९९२ मध्ये त्यांनी बाधितांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था स्थापन केली आणि त्यानंतरच्याच महिन्यात त्यांचे निधन झाले. २००५ सालचा ‘माय ब्रदर… निखिल’ हा चित्रपट त्यांच्याच चरित्रावरून सुचलेला आहे.

गोव्याच्या कलमातील शब्दयोजना भाषेच्या अभ्यासकाने बारकाईने पाहण्याजोगी आहे. ‘रक्तद्रव-परीक्षेने एड्ससाठी पॉझिटिव्ह आढळलेली व्यक्ती’ ह्या पदसमूहाला वस्तुस्थितीत काहीच आधार नाही. रक्तद्रव-परीक्षा एड्स शोधीत नाही, ती एच.आय.व्ही.विरोधी प्रतिपिंडे शोधते. रोग, लागण आणि लागणीची खूण ह्या तीन भिन्न गोष्टी एका विशेषणात कोंबल्या गेल्या आणि त्या विशेषणावर कारावास उभारला गेला. कलम लिहिणाऱ्यांस हा भेद ठाऊक नव्हता असे मानण्यापेक्षा, त्या काळी बोलण्यात तो भेद कोणीच करीत नव्हते असे मानणे अधिक न्याय्य होईल. आजही मराठीत ‘एड्सची तपासणी’ हाच प्रयोग सर्रास ऐकू येतो.

मराठीतील वाक्यरचनेनेही ह्या कामी हातभार लावला आहे. व्याधीविषयी बोलताना मराठी सामान्यतः व्यक्तीस चतुर्थीत ठेवते : ‘त्याला ताप आला’, ‘तिला मधुमेह झाला’, एवढेच काय, ‘त्याला क्षय निघाला’. येथे व्याधी कर्ता आहे आणि मनुष्य तिचे केवळ स्थान आहे. एच.आय.व्ही.च्या बाबतीत मात्र ‘तो पॉझिटिव्ह निघाला’ ही रचना रूढ झाली. येथे मनुष्यच कर्ता झाला आणि निष्कर्ष त्याचे विधेय. ‘निघणे’ ह्या क्रियापदाची अशी योजना अन्यत्र कोठे होते ते पाहावे : ‘नाणे खोटे निघाले’, ‘आंबा नासका निघाला’, ‘नोकर चोर निघाला’. ‘मुलगा हुशार निघाला’ असेही आपण म्हणतो, तेव्हा ह्या क्रियापदात दोष अंगभूत आहे असे नाही. परंतु मुळापासून दडलेले स्वरूप उघडकीस आले, हा अर्थ सर्वत्र समान आहे. व्याधी येते आणि जाते. स्वरूप मात्र निघते, आणि निघाले की कायमचे. ‘बाधित’ हा शब्द ‘रोगी’ पेक्षा सौम्य म्हणून स्वीकारला गेला खरा, पण भूतबाधेची छाया त्याच्यावर आहेच. २०२० च्या साथीत घरोघरची माणसे ‘पॉझिटिव्ह निघू’ लागली, तेव्हा त्या रचनेची धार काहीशी बोथट झाली. तरी एच.आय.व्ही.च्या संदर्भात तीच रचना आजही कुजबुजीच्या स्वरात उच्चारली जाते.

असो. येथे एक आक्षेप संभवतो आणि तो टाळण्याजोगा नाही. संमती, गुप्तता वगैरे गोष्टी चांगल्याच. पण साथ पसरत असताना माणसाच्या इच्छेची वाट पाहात बसणे परवडते काय? १९८९ च्या न्यायालयाला पडलेला प्रश्न हाच होता आणि त्या वेळी त्याचे उत्तर सोपे नव्हते. चाचणी करून घेतल्याने त्या काळी माणसास मिळत काय होते? पहिले औषध, झिडोवुडीन, अमेरिकेत मार्च १९८७ मध्ये मान्य झाले होते. ते महाग होते आणि त्याचा गुण अल्पकाळ टिके. भारतातील सामान्य मनुष्यास चाचणीतून मिळे ते केवळ एक वाक्य, आणि त्या वाक्यामागून नोकरी, घर व सोयरीक जाण्याची शक्यता. अशा व्यवहारात स्वतःहून कोण येणार? ज्यास घेणारा नाही ती वस्तू सक्तीनेच द्यावी लागते. सक्तीचे मूळ अधिकाऱ्यांच्या क्रौर्यापेक्षा अधिक ह्या रित्या हातांत होते, असे म्हणणे भाग आहे.

हात भरू लागले ते पुढील दशकात. १९९४ मध्ये असे सिद्ध झाले की, गर्भारपणी व प्रसूतिकाळी मातेस आणि जन्मानंतर बालकास झिडोवुडीन दिल्यास बालकास होणारी लागण सुमारे दोनतृतीयांशाने घटते. म्हणजे चाचणीचा लाभ दाखविता येईल असा पहिला मनुष्य जन्मास यावयाचा होता. १९९६ साली तीन औषधांच्या संयुक्त उपचाराने मृत्यू रोखता येतो हे स्पष्ट झाले, परंतु त्याची किंमत वर्षाला हजारो डॉलर होती. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने सेवाभावी संस्थांना हा उपचार वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात, देऊ केला तेव्हा जगभरचे गणित बदलले. १ एप्रिल २००४ पासून भारत शासनाने निवडक केंद्रांत हे औषध विनामूल्य देण्यास आरंभ केला. चाचणीच्या खोलीस प्रथमच दुसरे दार फुटले. आत जाणाऱ्यास आता पलीकडे काही मिळत होते.

दरम्यान रक्ताची आणि माणसाची वाट हळूहळू वेगळी होऊ लागली होती. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. सक्तीची चाचणी निरुपयोगी आहे, ती ऐच्छिक असावी आणि तिच्या आधी व नंतर समुपदेशन व्हावे, हे धोरण तिने क्रमाक्रमाने स्वीकारले. १९९७ पासून ऐच्छिक समुपदेशन व चाचणी केंद्रे निघाली; ‘समुपदेशन’ हा शब्द सरकारी रुग्णालयाच्या दारावरील पाटीवर सामान्य मराठी माणसाने वाचला तो मुख्यतः ह्याच केंद्रांमुळे. रक्ताच्या बाजूस, सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या निर्णयात रक्तपेढ्यांना परवाना सक्तीचा केला व धंदेवाईक रक्तदात्यांची पद्धती दोन वर्षांत बंद करण्यास सांगितले. रक्तपेढीत सक्ती आवश्यकच आहे, तीविषयी कोणाचा वाद नाही.

१९९७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. एका सार्वजनिक उपक्रमातील हंगामी कामगारास चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून कायम करण्याचे नाकारण्यात आले होते. न्यायालयाने त्यास आपले नाव गुप्त ठेवून दाद मागण्याची मुभा दिली, आणि जो मनुष्य काम करण्यास समर्थ आहे व ज्याच्यापासून सहकाऱ्यांस धोका नाही त्याला केवळ लागणीच्या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही असा निर्णय दिला. गोव्याच्या निर्णयानंतर आठ वर्षांनी, त्याच उच्च न्यायालयाने, चाचणीचा निष्कर्ष आणि माणसाची योग्यता ह्या दोन गोष्टी अलग केल्या. निर्णयाच्या शीर्षकातील वादी व प्रतिवादी दोघेही केवळ सांकेतिक अक्षरांनी ओळखले जातात. नाव न उच्चारण्याचा हक्क ह्या देशातील न्यायालयाने मान्य केल्याचे हे ह्या क्षेत्रातील एक आरंभीचे उदाहरण होय.

तथापि १९८९ च्या मूळ प्रश्नाचे उत्तर न्यायालयाकडून आले नाही. ते वैद्यकाकडून आले, आणि त्यात पुण्याचाही वाटा होता. एक जोडीदार बाधित व दुसरा अबाधित अशा १,७६३ जोडप्यांवर निरनिराळ्या देशांत चाललेल्या एका संशोधनाचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात त्याची केंद्रे पुणे आणि चेन्नई येथे होती. पुण्यातील काम भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेशी निगडित होते, तर चेन्नईतील काम सॉलोमन यांच्या केंद्राशी. बाधित जोडीदारास उपचार लवकर सुरू केल्यास दुसऱ्यास होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसून आले. पुढील अभ्यासांनी तर असे दाखविले की, नियमित औषधाने रक्तातील विषाणू मोजता येणार नाही इतका दबला असेल तर शरीरसंबंधातून लागण होतच नाही. व्यक्तीचे हित आणि समाजाचे हित असे दोन तागड्यांत टाकून न्यायालयाने जे तोलले होते, ते मुळी दोन नव्हतेच. बाधित मनुष्याचा उपचार हाच त्याच्या भोवतालच्यांचा बचाव ठरला. पण हा बचाव साधावयाचा तर मनुष्याने स्वतःहून चाचणीस यावे लागते, वर्षानुवर्षे रोज गोळी घ्यावी लागते, आणि हे पहाऱ्यात ठेवून घडत नाही. संमती ही साथनियंत्रणातील अडचण नसून त्याची पूर्वअट आहे, हा युक्तिवाद १९८९ साली पणजीत केवळ तर्काने मांडावा लागला होता. बावीस वर्षांनी त्यास आकडा मिळाला. चाचणी पॉझिटिव्ह येताच, प्रतिकारशक्ती किती उरली आहे ह्याची वाट न पाहता उपचार सुरू करण्याचे धोरण भारताने २०१७ मध्ये स्वीकारले.

त्याच वर्षी संसदेने एच.आय.व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम संमत केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. त्याच्या ५ व्या कलमाने संबंधित व्यक्तीच्या माहितीपूर्ण संमतीविना चाचणी करण्यास मनाई केली. नोकरी, शिक्षण वा वैद्यकीय सेवा मिळण्यासाठी चाचणीची अट घालणे हा भेदभावाचा एक प्रकार ठरविला. निष्कर्ष दुसऱ्यास सांगण्यावरही निर्बंध घातले. गोव्यात २००६ च्या सुमारास विवाहापूर्वी चाचणी सक्तीची करण्याचा प्रस्ताव चर्चेत आला होता, त्याची येथे आठवण होते. गवाक्षकालातील वराला निर्दोष असल्याचा दाखला देऊन तो प्रस्ताव वधूचे रक्षण कसे करणार होता, हे त्याच्या पुरस्कर्त्यांनी फारसे स्पष्ट केले नव्हते.

‘माहितीपूर्ण संमती’ ह्या प्रयोगावर अजून एक गोष्ट बोलण्यासारखी आहे. मराठीत ‘पूर्ण’ हे उत्तरपद मागील नामाचा भरणा दाखवते : अर्थपूर्ण, रसपूर्ण, आदरपूर्ण. त्या न्यायाने माहितीपूर्ण असतो तो लेख किंवा ग्रंथ, संमती नव्हे. मूळ कल्पना अशी की, माहिती संमतीत भरलेली नसते; ती संमती देणाऱ्यास आधी दिलेली असते. ‘माहितीनंतरची संमती’ किंवा ‘जाणती संमती’ म्हटले असते तर क्रम स्पष्ट झाला असता. हा केवळ शब्दच्छल नव्हे. अनेक ठिकाणी छापील कागदावर सही किंवा अंगठा घेतला की संमती ‘पूर्ण’ झाली असे समजले जाते, आणि कागद वाचून दाखविण्याचे काम राहून जाते. कायद्याने संमतीत चाचणीपूर्व व चाचणीपश्चात समुपदेशनाचा अंतर्भाव केला आहे तो ह्याच कारणाने.

अधिनियमाने संमतीच्या नियमास मोजके अपवाद ठेवले आहेत : न्यायालयाचा आदेश, मानवी ऊती वगैरेंच्या उपयोगापूर्वीची तपासणी, नाव न जोडता केलेली साथीची पाहणी, आणि परवानाधारक रक्तपेढी. म्हणजे ज्या दाराने १९८९ साली डिसोझा यांचे नाव पोलिसांपर्यंत पोहोचले, ते दार कायद्याने बंद केलेले नाही आणि करताही येणार नव्हते. दान केलेले प्रत्येक रक्त तपासलेच पाहिजे. बदल झाला आहे तो दाराच्या अलीकडे. रक्तदानापूर्वी दात्याकडून जो छापील प्रश्नार्थक भरून घेतात, त्यात आजार, औषधे, शस्त्रक्रिया ह्यांविषयीच्या प्रश्नांबरोबर एक निराळा प्रश्न असतो : चाचणीत काही विपरीत आढळल्यास ते आपणास कळवावे अशी आपली इच्छा आहे काय? त्यापुढे ‘होय’ आणि ‘नाही’ ह्यांसाठी दोन चौकटी असतात.